रिकाम्या चौकटींचा इतिहास : आरोग्य संशोधनात ‘मिसिंग डेटा’शी कसं झुंजत आले लोक?



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट, नेट किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत असाल. स्वतःचा डेटा अजून हातात आला नसेल. तरी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. तो जेव्हा येईल, तेव्हा त्यात रिकाम्या चौकटी असणारच. कोणी रक्त द्यायला नकार दिलेला असेल, कोणी दुसऱ्या भेटीला आलेलंच नसेल, कुठे वजनकाटाच बंद असेल, कोणी दरम्यान गाव सोडलेलं असेल. आणि सॉफ्टवेअर याबद्दल तुम्हाला काही विचारणार नाही. रिग्रेशन चालवलंत की ज्या ओळीत एक जरी चौकट रिकामी आहे ती अख्खी ओळ ते गुपचूप गाळतं. 400 लोकांचा अभ्यास 260 लोकांचा होतो आणि ते कळतं आउटपुटच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावरून. तोही बघितला तर.

वर्कशॉपमध्ये हा विषय बहुतेक वेळा ‘चौकट भरायची कशी?’ इथून सुरू होतो. सरासरी टाका, अमुक पॅकेज वापरा, तमुक कमांड द्या. इतिहास बघितला तर मात्र आधीचा प्रश्न वेगळाच दिसतो : चौकट रिकामी राहिली का? या विषयातली प्रत्येक पद्धत म्हणजे या ‘का’चं कोणीतरी मानलेलं उत्तर आहे. ते उत्तर चुकीचं असेल तर पुढचं गणित कितीही देखणं असो, उपयोग नाही. म्हणून आज फॉर्म्युल्यांऐवजी इतिहास.

सुरुवात भारतातल्याच एका गावापासून करू. अँडरसन मॅकेन्ड्रिक हे नाव कोविडच्या काळात तुमच्या कानावर आलं असेल. साथीच्या ‘एसआयआर’ मॉडेलचा पाया ज्या 1927 च्या पेपरमध्ये आहे, त्या कर्मॅक-मॅकेन्ड्रिक जोडीतले हे मॅकेन्ड्रिक. पेशाने डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे काही काळ प्रमुख. तब्येतीमुळे 1920 साली एडिंबरोला परतले आणि तिथे वैद्यकातल्या प्रश्नांना गणित लावत बसले. 1926 साली त्यांचा एक पेपर आला. त्यातलं एक उदाहरण भारतातल्या एका गावातल्या कॉलऱ्याच्या साथीचं आहे.

गावात 223 घरं. त्यांपैकी 168 घरांत एकही रुग्ण नाही. 32 घरांत एक, 16 घरांत दोन, 6 घरांत तीन आणि एका घरात चार रुग्ण. एकूण रुग्ण 86. आता बघा, इथे एकही चौकट रिकामी नाही. प्रत्येक घराची नोंद आहे. मग यात मिसिंग काय?

कागद-पेन घ्या. समजा गावातल्या सगळ्या घरांना सारखाच धोका होता. दर घरी सरासरी रुग्ण 86 भागिले 223, म्हणजे 0.39 च्या आसपास. पॉयसाँ वितरण लावलं तर एकच रुग्ण असलेली घरं 58-59 निघायला हवीत. आहेत 32. तीन रुग्णांची घरं फार तर एक-दोन हवीत. आहेत 6. म्हणजे आजार गावभर सारखा पसरलेला नाही, काही घरांत दाटलेला आहे. मॅकेन्ड्रिक यांचं म्हणणं असं की ती 168 ‘शून्य’ एका जातीची नाहीत. काही घरांपर्यंत आजार पोचू शकत होता पण सुदैवाने पोचला नाही. बाकीच्या घरांपर्यंत तो पोचणं शक्यच नव्हतं. दोन्हींपुढे शून्यच लिहिलंय. कुठलं शून्य कुठल्या जातीचं, ही माहिती गहाळ आहे.

मग त्यांनी काय केलं, तर ती 168 घरं बाजूला ठेवली आणि उरलेल्या 55 घरांवरून धोक्यातल्या घरांची संख्या काढली. युक्ती साधी आहे. प्रत्येक घरातल्या रुग्णसंख्येची बेरीज करा : 86. प्रत्येक घरातल्या रुग्णसंख्येच्या वर्गांची बेरीज करा : 32 + 64 + 54 + 16 = 166. शून्य रुग्णांची घरं दोन्ही बेरजांत काहीच भर घालत नाहीत, म्हणून ती किती आहेत हे माहीत नसलं तरी चालतं. आता 86 चा वर्ग भागिले (166 वजा 86), म्हणजे 7396 भागिले 80. उत्तर 92 च्या थोडं वर. मॅकेन्ड्रिक यांनी 93 धरलं. हे का चालतं ते पॉयसाँची सरासरी आणि व्हेरियन्स सारखेच असतात एवढ्यावरून तुम्हाला दोन ओळींत सिद्ध करता येईल. करून बघा, व्हायव्हाला उपयोगी पडेल. 93 घरं धरून पुन्हा अपेक्षित आकडे काढले तर एक, दोन, तीन, चार रुग्णांच्या घरांसाठी साधारण 34, 16, 5 आणि 1 येतात. प्रत्यक्षात 32, 16, 6 आणि 1. चांगलाच मेळ.

खरी गंमत यापुढे आहे. आकड्यांवरून त्यांनी अंदाज बांधला की साथ पाण्यातून आली असावी, गावात अनेक विहिरी असाव्यात आणि त्यातल्या एका दूषित विहिरीवर 223 पैकी 93 घरं पाणी भरत असावीत. पेपरमध्ये पुढे नोंद आहे की स्थानिक चौकशी केल्यावर खरोखरच अशी एक दूषित विहीर सापडली आणि गावातला ठरावीक भाग तिचंच पाणी पीत होता.

मला या उदाहरणातलं गणित आवडतं, पण त्याहून जास्त ती चौकशी आवडते. कारण आकडे एका घरात दाटण्याचं दुसरंही कारण असू शकलं असतं : घरातल्या एकाला झाला की दुसऱ्याला लागण. त्या गोष्टीलाही ‘धोका सगळ्यांना सारखा’ हे मॉडेल बसलं नसतं. 93 चा आकडा विहिरीच्या कहाणीवर उभा आहे, आणि ती कहाणी खरी की खोटी हे शेवटी गावात जाऊनच कळलं. आपल्याकडे एकेका गावात कोणी कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं हे कसं ठरत आलंय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. डेटामधल्या शून्यामागे कधीकधी असं सगळं दडलेलं असतं.

(संख्याशास्त्रज्ञ शियाओ-ली मेंग यांनी 1997 साली दाखवून दिलं की पुढे ‘ईएम अल्गोरिदम’ म्हणून जे गाजलं त्याचा वैद्यकातला धागा थेट मॅकेन्ड्रिक यांच्या या कामापर्यंत जातो. म्हणजे ईएम समजून घ्यायचं असेल तर हे गाव गाठायला हरकत नाही.)

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात वेगळी अडचण होती. खतांचे प्रयोग वाफ्यांवर व्हायचे आणि एखाद्या वाफ्याचं उत्पन्न हाती लागायचं नाही. सगळे वाफे भरलेले असतील तर हाताने करायचं गणित सोपं, एक रिकामा राहिला की सगळी मांडणी विस्कटते. ॲलन आणि विशार्ट यांनी 1930 साली रिकाम्या वाफ्याचा आकडा अंदाजाने भरायचं सूत्र दिलं. 1933 साली फ्रँक येट्स यांनी ते अनेक रिकाम्या वाफ्यांपर्यंत नेलं. यातली एक शिस्त आजही विसरली जाते : आकडा भरला तरी त्या वाफ्यापोटी एक ‘डिग्री ऑफ फ्रीडम’ वजा करायची. भरलेला आकडा हिशेबाची सोय आहे, नवी माहिती नाही. सरासरी टाकून चौकटी भरणारे आणि वर 400 लोकांचा पी-व्हॅल्यू सांगणारे पेपर मी वाचते तेव्हा मला नव्वद वर्षांपूर्वीचे येट्स आठवतात.

पण शेतातली ‘का’ची बाजू बरीच सोपी होती. गुरं शिरून पीक खाऊन गेली, तर त्याचा खताशी संबंध नाही. माणसं अशी गहाळ होत नाहीत.

वैद्यकात सगळ्यात आधी नीट हाताळला गेला तो अर्धवट माहितीचा प्रकार. कर्करोगाचा रुग्ण पाच महिने जिवंत असल्याची नोंद आहे, पुढे तो आलाच नाही. त्याचं आयुष्य किती धरायचं? पाच महिने म्हणावं तर चूक, गाळावं तर तेही चूक, कारण पाच महिने तो जगला हे नक्की माहीत आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये पॉल मायर यांच्यापुढे हा प्रश्न होता. इकडे बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत एडवर्ड कॅपलन समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतील याचा हिशेब करत होते. दोघांनी स्वतंत्रपणे जवळपास तीच पद्धत शोधली आणि एकाच जर्नलकडे पाठवली. संपादकांनी दोघांना एकत्र लिहायला लावलं. पत्रांतून मतभेद मिटवायला चार वर्षं गेली आणि 1958 साली तो संयुक्त पेपर आला. आज कुठलंही वैद्यकीय जर्नल उघडा, पायऱ्या-पायऱ्यांची ती कॅपलन-मायर रेषा दिसेल. युक्ती अशी की रुग्ण जोवर नजरेसमोर आहे तोवर त्याला छेदात मोजायचं, गेला की छेदातून काढायचं. पण यात एक गृहीतक आहे : निघून गेलेल्याचं पुढचं नशीब राहिलेल्यांसारखंच असणार. ट्यूबच्या बाबतीत ठीक आहे. जो रुग्ण उठून दवाखान्यात येण्याच्या स्थितीत नाही म्हणून आला नाही, त्याच्याबाबतीत?

या ‘का’ला पहिल्यांदा गणिती भाषा दिली ती डोनाल्ड रुबिन यांनी, 1976 च्या ‘बायोमेट्रिका’तल्या पेपरमध्ये. गहाळ होणं हीच एक घटना माना आणि तिलाही संभाव्यता लावा, ही मूळ कल्पना. आता पाठ्यपुस्तकात दिसणारे तीन कप्पे यातूनच आले. रक्तदाबाचं उदाहरण घ्या. नोंदींचा कागद भिजला म्हणून काही आकडे गेले, तर ते निव्वळ योगायोगाने गेले. दुसरा प्रकार : फार वृद्ध लोकांचा रक्तदाब कमी वेळा मोजला गेला, पण वय सगळ्यांचं माहीत आहे आणि एकाच वयाच्या लोकांत कोणाचा मोजला, कोणाचा नाही याचा रक्तदाबाशी संबंध नाही. याला ‘मिसिंग ॲट रँडम’ म्हणतात. नाव भयंकर फसवं आहे, कारण यात साध्या अर्थाने रँडम काहीच नाही. विद्यार्थी इथे हमखास गडबडतात आणि दोष त्यांचा नाही. तिसरा प्रकार : ज्यांचा रक्तदाब फार कमी होता तेच अंथरुणाला खिळले होते म्हणून मोजायचं राहिलं, आणि हे वय-आजार वगैरे माहीत असलेल्या कुठल्याच गोष्टीवरून पूर्ण उलगडत नाही.

आता महत्त्वाचं. पहिला कप्पा डेटावरून काही प्रमाणात तपासता येतो. दुसरा आणि तिसरा यांच्यात निवाडा मात्र हातातला डेटा करूच शकत नाही. ज्या आकड्यांवरून ते कळलं असतं तेच तर नाहीत. म्हणून कोणी म्हणालं की ‘टेस्ट केली, आमचा डेटा मिसिंग ॲट रँडम आहे’, तर समजा की त्यांनी ती टेस्ट नीट वाचलेली नाही.

पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, डेम्पस्टर, लेयर्ड आणि रुबिन यांचा ईएम अल्गोरिदमवरचा पेपर आला. आणि त्याच दशकाच्या शेवटी रुबिन यांनी ‘मल्टिपल इम्प्यूटेशन’ सुचवलं. मूळ गरज मोठ्या सर्वेक्षणांची होती. अमेरिकेच्या जनगणना खात्यात तेव्हा ‘हॉट डेक’ चालायचं. रिकाम्या चौकटीत मिळत्याजुळत्या दुसऱ्या माणसाचं उत्तर उचलून टाकायचं. ‘डेक’ म्हणजे पंच कार्डांचा गठ्ठा. रुबिन यांचं म्हणणं : एकदाच भरलंत तर तो आकडा खराच असल्यासारखा वागतो. त्यापेक्षा पाच वेळा भरा, थोडा वेगवेगळा. पाचही फायलींवर तेच विश्लेषण करा. पाच उत्तरांतला फरक म्हणजे तुमच्या अज्ञानाचं माप. ते त्रुटीत मिळवा. येट्स यांची ‘एक वजा करा’ ही शिस्तच म्हणा ना, मोठ्या रूपात.

दरम्यान औषधांच्या चाचण्यांत काय चाललं होतं? 1980 साली ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’चा एक निकाल छापून आला. तो प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने पाठ करावा असं मला वाटतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना एका गटात क्लोफायब्रेट, दुसऱ्या गटात नुसती साधी गोळी. क्लोफायब्रेट नियमित, म्हणजे 80 टक्के किंवा जास्त, घेणाऱ्यांत पाच वर्षांतले मृत्यू 15.0 टक्के, अनियमितांत 24.6 टक्के. वा, औषध लागू पडलं! पण थांबा. साधी गोळी नियमित घेणाऱ्यांत मृत्यू 15.1 टक्के आणि अनियमितांत 28.2 टक्के. गोळीत काहीच नव्हतं. फरक माणसांत होता. जो टिकतो आणि जो गळतो ते एकसारखे नसतात, आणि तो फरक मृत्यूदर जवळपास दुप्पट करण्याइतका मोठा असू शकतो. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असे नोंदलेले पुष्कळ घटक हिशेबात घेऊनही तो फरक पुसला गेला नाही.

एवढं माहीत असूनही औषध चाचण्यांत पुढे कितीतरी वर्षं एक ढोबळ पद्धत सर्रास चालली : रुग्ण मध्येच सोडून गेला तर त्याची शेवटची नोंद तशीच पुढे ओढायची. काहींना ही पद्धत ‘सावध’ वाटायची. सावध? अल्झायमरचं उदाहरण घेऊ. स्मरणशक्तीचे गुण इथे काळाबरोबर घसरतच जातात. समजा रुग्णाचे गुण सुरुवातीला 24 आहेत आणि एरवी वर्षभरात ते 20 वर येतील. नव्या औषधाने मळमळ होते म्हणून तो पहिल्याच महिन्यात चाचणी सोडतो. शेवटची नोंद 24. वर्षअखेरच्या रकान्यात त्याच्यापुढे 24 लिहिलं जातं. म्हणजे औषध जितक्या लोकांना लवकर पळवून लावेल, तितका औषधाच्या गटाचा निकाल चांगला दिसेल! ही गोळी पुढे ज्या घरातल्या आजी-आजोबांना दिली जाणार, त्यांनी या गणिताची किंमत मोजायची.

याला अधिकृत लगाम बराच उशिरा बसला. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एफडीएने, मागणी केल्यावर तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने समिती नेमली. अध्यक्ष रॉडरिक लिटल. रुबिन यांच्या 1976 च्या पेपरवरचं भाष्य त्याच अंकात लिहिणारे हेच लिटल. 2010 च्या त्यांच्या अहवालाने स्पष्ट सांगितलं की शास्त्रीय समर्थन असल्याशिवाय शेवटची नोंद पुढे ओढण्यासारख्या पद्धती मुख्य विश्लेषणात वापरू नयेत. आणि त्याहून व्यवहारी गोष्ट : औषध सोडलं म्हणून रुग्णाला अभ्यासातून सोडू नका, त्याच्या नोंदी घेत राहा. अहवालाच्या नावातच आधी ‘प्रतिबंध’ आहे, मग ‘उपचार’.

सगळा इतिहास असा चुकांचाच आहे असं नाही. मला आदर्श वाटणारं काम नेदरलँड्समधल्या लायडन शहरातलं आहे. 1 डिसेंबर 1986 रोजी तिथे 85 किंवा जास्त वयाचे 1236 नागरिक होते. त्यांपैकी 956 जणांची तपासणी झाली. निष्कर्ष उलटा निघाला : रक्तदाब कमी असलेले लवकर मरत होते. या वयातल्या माणसांचा रक्तदाब औषध देऊन खाली आणावा की नाही, असा त्यामागचा खरा प्रश्न. पण 121 जणांचा रक्तदाब मोजलाच गेला नव्हता. त्यांच्यामुळे तर निकाल उलटा दिसत नसेल?

स्टेफ व्हान ब्यूरन आणि सहकाऱ्यांनी काय केलं तर भरण्याआधी चौकशी. कोणाचा मोजला नाही? जास्त वृद्धांचा, जास्त आजारी असलेल्यांचा. कोणाचा आवर्जून मोजला? ज्यांना आधीच रक्तदाबाचा त्रास होता त्यांचा. केव्हा राहिला? पहिल्या सात महिन्यांत न मोजण्याचं प्रमाण 5 टक्क्यांवरून 40 टक्क्यांपर्यंत चढत गेलं, मग एकदम खाली येऊन 10 ते 15 टक्क्यांवर स्थिरावलं. आणि त्यात भर म्हणजे इस्पितळांतले, वृद्धाश्रमांतले आणि 95 च्या वरचे लोक सगळ्यात आधी भेटवले गेले होते. कॉलऱ्याच्या विहिरीसारखंच हे. फक्त चौकशी गावात न होता तपासणीच्या तारखांत झाली. हे सगळं धरून त्यांनी मल्टिपल इम्प्यूटेशन केलं. तरी समाधान नाही. समजा न मोजलेल्यांचा रक्तदाब आपल्या अंदाजाहूनही कमी असेल तर? म्हणून भरलेले आकडे आधी 5 ने, मग 10, 15, 20 मिलिमीटरने खाली ओढून प्रत्येक वेळी पुन्हा विश्लेषण केलं. निकाल फारसा हलला नाही. 1999 साली हे छापून आलं आणि तुम्ही आज आरमध्ये जे ‘माइस’ पॅकेज वापरता ते याच गटाचं.

ते पॅकेज हाती आहे म्हणून काम झालं असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये 2007 साली हृदयविकाराचा धोका मोजणारं ‘क्यूरिस्क’ मॉडेल आलं. कोलेस्टेरॉलच्या बऱ्याच नोंदी गहाळ होत्या, त्या मल्टिपल इम्प्यूटेशनने भरलेल्या. निकाल? कोलेस्टेरॉलच्या गुणोत्तराचा हृदयविकाराशी संबंधच नाही! वाचकांच्या भुवया उंचावल्या. नोंदी पूर्ण असलेल्या लोकांपुरतं बघितलं तर संबंध स्पष्ट होता, आणि भरण्याची पद्धत सुधारल्यावर भरलेल्या डेटातही तो दिसला. तुमच्यासाठी यातून दोन कामाच्या सूचना : ज्या परिणामाचा अभ्यास करताय तो (इथे हृदयविकार) चौकटी भरणाऱ्या मॉडेलमध्ये घालायलाच हवा, नाहीतर भरलेले आकडे त्या परिणामाशी नातं नसल्यासारखे येतात. आणि गुणोत्तर भरताना विशेष जपा. छेदातला भरलेला आकडा शून्याजवळ गेला की गुणोत्तर आकाशात जातं.

शेवटी एक अगदी अलीकडचा वळसा. 2019 साली औषध चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांना, आयसीएच ई-9 ला, पुरवणी जोडली गेली. तिच्यात ‘मिसिंग’ या शब्दाचीच छाटणी आहे. नोंद व्हायला हवी होती पण झाली नाही, ती गहाळ. पण रुग्णाचा सहाव्या महिन्यात मृत्यू झाला असेल, तर बाराव्या महिन्यातल्या त्याच्या चालण्याच्या चाचणीची चौकट रिकामी असली तरी गहाळ नाही. तो आकडा कधी अस्तित्वातच नव्हता. तिथे काय भरायचं असा प्रश्न येत नाही; आपण नक्की कोणाबद्दल आणि काय विचारत होतो, ते प्रोटोकॉल लिहितानाच ठरवावं लागतं. सॉफ्टवेअर मात्र मृत माणसाच्या त्या चौकटीतही विनातक्रार आकडा भरून देतं.